कंबरेएवढं पाणी

तिला सगळे कप्तानबाई म्हणत. तसा हॉस्पिटलच्या धुलाईघरात कप्तान नावाचा हुद्दा नसतो. तिथे माणसं भिजवणारी, धुणारी, वाळवणारी, शिवणारी आणि इस्त्रीवाली. कप्तानबाई इस्त्रीवाली. एकतीस वर्षं ती खोलीएवढ्या रुंद गरम रोलरच्या तोंडाशी उभी होती. ओल्या चादरीची दोन टोकं ताणून धरायची, रोलरला द्यायची, की पलीकडून चादर कडक होऊन बाहेर. उजव्या हाताच्या तीन बोटांना गरम-गार कळेनासं झालं होतं, पण त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. चहाचं भांडं फडक्याशिवाय उतरवता येतं, हा काय कमी फायदा, असं ती म्हणायची.

माणसाला धीर द्यावा तर तिनेच. पहिल्या दिवशी रोलरपुढे थरथरणाऱ्या पोरीला ती सांगे, "अगं, हा माणसं ओळखतो. आपल्या माणसाला चावत नाही." रोलर कुणाला ओळखत नाही आणि चांगला कडकडून चावतो, हे तिच्या बोटांना विचारावं. पण पोरगी हसे, चादर पुढे करी आणि दुपारपर्यंत कामाला लागे. धीर खोटा असला म्हणून काय बिघडतं, काम तर होतं ना, असा तिचा हिशेब होता. आणि एकतीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता, त्यामुळे तिला दोष तरी कसा द्यायचा?

कप्तानपद मात्र नदीवरचं. त्या शहरात दरवर्षी आठ ठिकाणच्या कामगारांची कयाकची शर्यत होई. एका कयाकमध्ये एकामागे एक चौघे, नाव इतकी अरुंद की कुणी शिंकलं तरी डुलते. काठावर आठ संघांच्या आठ शेड होत्या आणि प्रत्येक शेडवर एक खोली. संघाच्या कप्तानाने त्या खोलीत राहायचं आणि खालची नाव, वल्ही, कुलूपकिल्ली सांभाळायची. धुलाईघराच्या शेडवर कप्तानबाई वीस वर्षं राहत होती, ती आणि तिची आई.

आईची दृष्टी नऊ वर्षांपूर्वी गेली. पण त्या खोलीत ती डोळस माणसासारखी वावरे. भिंतीला हात न लावता उठे, स्टोव्ह पेटवी, चहा करी, जिना उतरून धक्क्यावर ऊन खात बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चालण्यावरून ओळखून त्याची खोडी काढी. दोन वर्षांपूर्वी कप्तानबाईने तिला चार दिवसांसाठी भावाकडे ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी संडासला जाताना ती पडली, हात मोडला. वहिनीने तिला पलंगावर बसवून ठेवलं आणि उठू नका म्हणून बजावलं. चौथ्या दिवशी कप्तानबाई आणायला गेली तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि कोण आलंय हेसुद्धा तिने विचारलं नाही. खोलीत परत आल्यावर गळ्यात अडकवलेल्या प्लास्टरसकट तिने पहिला चहा केला. तेव्हापासून कप्तानबाईला एक गोष्ट पक्की कळली होती, की आई जगते आहे ती त्या खोलीच्या जिवावर.

आणि ती खोलीच जायची वेळ आली होती. शर्यतीच्या मंडळाचा नियम असा, की सलग दोन वर्षं ज्या संघाची नाव चारही माणसांसह शेवटच्या दोरीपाशी पोहोचणार नाही, त्याची शेड काढून घ्यायची. शेवटचा नंबर आला तरी चालेल, पोहोचलं पाहिजे. छापखानेवाले सहा वर्षं शेडसाठी रांगेत होते. मागच्या वर्षी धुलाईघराची नाव पाण्यात उतरलीच नाही. जुन्या चौघांपैकी एक निवृत्त होऊन मुलीकडे गेला, एकाची कंबर गेली आणि एक बाई गेलीच. उरली कप्तानबाई. चौघांची नाव एकटी कशी चालवणार?

भाऊ म्हणाला, "आईला आणून सोड, पलंगाची काही तरी सोय करू. तुझं मात्र तू बघ." तुझं तू बघ म्हणजे कामगार बायकांचं वसतिगृह, सहाजणींत एक खोली. भाऊ वाईट नव्हता. त्याच्या घरात जागाच तेवढी होती आणि वहिनीच्या मनात त्याहून कमी.

तिने फळ्यावर चिठ्ठी लावली, 'शर्यतीसाठी तिघे हवेत.' तीन आठवडे ती चिठ्ठी वाफेने ओली होऊन लोंबत राहिली. मग अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी ती टेबलाटेबलाला फिरली आणि तिला तिघे मिळाले. गाढवं नव्हेत हो, फार भली माणसं. पण नाव म्हणजे काय हे तिघांनाही ठाऊक नव्हतं.

एक शिवणबाई. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट शिवायची. दणकट बांध्याची, खळखळून हसणारी, दोन मुलींची आई, नवरा नव्हता. दुसरे बॉयलरमामा. अख्ख्या धुलाईघराचं गरम पाणी त्यांच्या हातात, तरी बोलणं इतकं कमी की ते आजारी पडले तर कळायला दोन दिवस लागावेत. तिसरा वकील. तो वकील नव्हता, मळक्या कपड्यांचे वॉर्डवार ढीग लावायचा, पण कुठल्याही गोष्टीला 'तसं नाही' असं म्हटल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. तो आला तोच मुळी वाद घालायला. कयाक ही नाव नसून होडी आहे असं काहीसं त्याचं म्हणणं होतं. कप्तानबाईने त्याला मागच्या जागेवर बसवलं आणि म्हणाली, "इथून वाद घाल, मला ऐकू येत नाही."

शेडमागे नदीचा एक संथ फाटा होता. पहिला सराव तिथे. शिवणबाई धक्क्यावर आली, पाण्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. दोन्ही हातांनी तिने कठडा धरला.

"मला पोहता येत नाही, कप्तानबाई."

"मलाही नाही," मामा म्हणाले. त्या दिवशी ते एवढंच बोलले.

वकीलही गप्प होता, म्हणजे त्यालाही येत नव्हतं.

आता जुने लोक म्हणतात, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. पण पाण्यात पडायला तर कुणी तयार पाहिजे. तिघेही परत फिरायच्या बेतात होते, आणि वर खिडकीत आई बसली होती. कप्तानबाईने वल्हं उचललं, उभं धरून पाण्यात रोवलं आणि म्हणाली, "हे बघ. कंबरेएवढं तर पाणी आहे. नाव उलटली तर उभं राहायचं आणि चालत बाहेर यायचं. यात पोहायचं काय?"

त्या फाट्यात ते खरंच होतं. पहिल्या महिन्यात ते अकरा वेळा उलटले आणि अकराही वेळा उभे राहिले, चिखलाने माखलेले, एकमेकांवर हसत. वकील म्हणायचा, "तसं नाही, मी पडलो नाही, मी उतरलो." शिवणबाईची भीती गेली. इतकी गेली, की घरून निघताना ती मुलींना सांगायची, 'आज मी दोनदा पडणार आहे.'

दुसऱ्या महिन्यात ते नदीत आले. फाट्याच्या तोंडाशी शिवणबाईने वल्हं थांबवलं. तिची जागा कप्तानबाईच्या लगेच मागे.

"इथेही तेवढंच?"

कप्तानबाई पुढे तोंड करून बसली होती, तिला मागे बघायची गरज नव्हती.

"तेवढंच. नदीला काय, हेच पाणी तिकडे आणि तिकडचं इकडे."

नदी तिथे तीन पुरुष खोल होती. पुलाखाली तर त्याहून जास्त. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी म्हणणार नाही. विचार करून लावली होती. भ्यालेला माणूस अंग आखडतो, आणि आखडलेला माणूस नाव उलटवतो. न भिता बसले तर उलटणारच नाहीत. आणि उलटलेच, तर अंगावर लाइफ जॅकेट आहे, ते बुडू देत नाही. नदीत उतरताना ती प्रत्येकाला जॅकेट घालायलाच लावायची. वकिलाने विचारलं, "कंबरेएवढ्या पाण्यात हे कशाला?" ती म्हणाली, "नियम आहे." नियम म्हटल्यावर वकिलालाही पुढे बोलता येईना. मंडळाच्या फॉर्मवर 'पोहता येते काय' असा रकाना होता. तो तिने तिघांच्या वतीने स्वतःच भरला.

तीन महिने असे गेले. नाव सरळ जाऊ लागली. चार वल्ही एका वेळी पडू लागली, निदान दहातली सात. नदीत ते एकदाही उलटले नाहीत. आई खिडकीतून कान देऊन ऐके आणि सांगे, "आज मधलं वल्हं उशिरा पडत होतं." तिला कप्तानबाईने सांगून टाकलं होतं, की यंदाचा संघ पक्का आहे, काळजी करू नकोस. आईने काळजी सोडली होती की नाही, ते आईलाच माहीत.

शर्यतीच्या दिवशी सकाळी नऊला धक्क्यावर गर्दी होती. शर्यत दहाला. कप्तानबाईने नाव खाली आणून पुसली, सुकाणूची दोरी तपासली आणि जॅकेटं काढायला शेडमध्ये गेली, तर खुंटीवर एकही नाही. तेवढ्यात तिघे आले. मामांच्या हातात मोठं पांढरं गाठोडं, हॉस्पिटलचं धुतलेलं कापड ज्यात बांधून जातं तसं. तिघांच्याही चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचं हसू.

"उघडा," शिवणबाई म्हणाली.

आत चार जॅकेटं होती. शेडच्या ओलीने जी काळी-हिरवी पडली होती, ती आता नारिंगी झळकत होती. घड्या अशा, की नवी वाटावीत. प्रत्येकाच्या छातीवर निळ्या दोऱ्याने 'धुलाईघर' असं शिवलं होतं, अक्षरं एका ओळीत, एका मापाची.

"शेवटच्या सरावानंतर गुपचूप उचलली, चार दिवस शिवत होते," शिवणबाई म्हणाली. "मामांनी धुतली. इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांना धीर देता, म्हटलं आपणही तुम्हाला काहीतरी द्यावं. धुलाईघराचा संघ मळक्या जॅकेटांत जातो, शोभतं का?"

"कुठल्या पाण्यात धुतली?" कप्तानबाईने विचारलं.

मामांनी अभिमानाने मान वर केली. आयुष्यात इतकं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले असतील. "ऑपरेशनच्या चादरी धुतो त्या पाण्यात, उकळत्या, दोन वेळा, मग पिळणीत घालून गरम हवेत वाळवली."

कप्तानबाईने एक जॅकेट उचललं. ते चपटं लागलं. तिने डाव्या हाताने, ज्या बोटांना अजून कळत होतं त्यांनी, ते दाबलं. आत जो जाड फोम असे तो आकसून पापुद्र्यासारखा झाला होता आणि दाबला की चुरचुरत होता. दुसरं, तिसरं, चौथं, सगळी तशीच.

"छान झालीत," ती म्हणाली. "फारच छान. जरा थांबा हं." आणि एक जॅकेट घेऊन शेडच्या मागे गेली.

फाट्याच्या पायरीवर बसून तिने ते पाण्यात धरलं आणि हाताने खाली दाबलं. आधी असं दाबलं की जॅकेट हातातून उसळी मारून वर यायचं. आता ते दाबलं तसं खालीच राहिलं. हात काढला तरी राहिलं. पाण्याखाली निळी अक्षरं नीट वाचता येत होती. तिने ते बाहेर काढून पिळलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत, आणि रडायला वेळ नाही.

चूक कुणाची म्हणायची? मामांना आयुष्यभर एकच शिकवलं होतं, जे मळकं ते उकळायचं. धुलाईघराबाहेरच्या कुणी ही चूक केली नसती, आणि धुलाईघरातल्या कुणी ती टाळली नसती. पण जॅकेटाच्या आत काय असतं, ते कशासाठी असतं, हे मामांनी विचारलं का नाही? कारण कंबरेएवढ्या पाण्यात जॅकेट शोभेचंच. हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

ती धावली. चौपन्नाव्या वर्षी सात शेडपुढून धावली. पिठाच्या गिरणीचा कप्तान म्हणाला, "बाई, आमची चार आहेत आणि आम्ही चार आहोत." डेपोवाल्यांचं तेच, टपालवाल्यांचं तेच. बचावाच्या बोटीत दोन जादा होती, पण तो माणूस म्हणाला, "ती मी काढून दिली तर बुडणाऱ्याला काय टाकू?" त्याचं बरोबर होतं. शेवटी ती मंडळाच्या टेबलाशी गेली. सेक्रेटरी यादीवर खुणा करत होता.

"अर्धा तास उशिरा सोडाल का? धुण्यात जरा गडबड झालीय."

"नऊ पन्नासला सगळ्या नावा पाण्यात," तो म्हणाला. "बाई, मला तुमचं माहीत आहे. म्हणून तर सांगतो, वेळेत या. छापखानेवाले तिथे उभेच आहेत." आणि खरंच ते उभे होते. त्यातल्या एकाने तिला बघून नमस्कारही केला, बिचारा.

परत येताना तिने हिशेब केला. पंच जॅकेट फक्त बघतो, दाबून बघत नाही. तो म्हणेल, काय चकाचक आहेत. नदीत आपण एकदाही उलटलो नाही. आज का उलटू? आठ नावा एकदम सुटतात तेव्हा लाटा उठतात, हे तिला माहीत होतं. वीस वर्षांत ती स्वतः या शर्यतीत दोनदा उलटली होती, तीही जुन्या, कसलेल्या माणसांबरोबर. पण आपण मागे राहू. सगळे पुढे जाऊ देत, आपण शेवटी, हळूहळू. पुलाच्या खांबाला वळसा घालताना सांभाळू. वीस मिनिटांचा तर प्रश्न. वीस मिनिटं हे तिघे कंबरेएवढ्या पाण्यात असतील, आणि मग आई आयुष्यभर तिच्या खोलीत. देवा, फक्त वीस मिनिटं दे, असं ती मनात म्हणत होती, आणि पाय शेडकडे चालत होते.

तिने ठरवलं. हो, ठरवलं होतं. ते लपवून तिला चांगली म्हणण्यात अर्थ नाही.

धुलाईघराच्या संघाची एक जुनी रीत होती. नावेत बसण्याआधी कप्तानाने मागून पुढे यायचं, प्रत्येकाचा पट्टा स्वतःच्या हाताने आवळायचा आणि त्याला एक वाक्य सांगायचं. एकच. तिला हे तिच्या आधीच्या कप्तानाने केलं होतं आणि त्या एका वाक्यावर तिने पहिली शर्यत पुरी केली होती.

आधी वकील. तिने पट्टा ओढला. "आज वाद घालू नकोस. आज तुझंच बरोबर आहे." वकील गहिवरला. त्याला असं कुणी म्हटलंच नव्हतं.

मग मामा. "मामा, तुमच्या हातात बॉयलरचा जोर आहे. नाव तुमच्यावर चालते." मामांनी मान हलवली. त्यांची मान हलताना जॅकेट चुरचुरलं, ते तिला एकटीलाच ऐकू आलं.

मग शिवणबाई. जॅकेट आकसल्यामुळे तिचा पट्टा पोहोचत नव्हता. काठावर तिच्या दोन मुली उभ्या होत्या, धाकटी मोठीच्या पाठीवर चढून बघत होती. शिवणबाईने त्यांना हात केला, श्वास कोंडून पोट आत घेतलं आणि हसत म्हणाली, "ओढा. घट्ट ओढा, कप्तानबाई. तुम्ही बांधलंत ना, की मला भीती वाटत नाही."

कप्तानबाईने पट्टा ओढला. कडी लागली. आता एक वाक्य सांगायचं होतं. तिचं तोंड उघडलं आणि त्यातून काही येईना. एकतीस वर्षं जी जीभ कधी अडखळली नव्हती ती टाळ्याला चिकटून बसली. तिला त्या पट्ट्याखाली शिवणबाईचा श्वास वर-खाली होताना लागत होता.

"काय झालं?" शिवणबाईने विचारलं. "माझं वाक्य विसरलात?"

"नदी कंबरेएवढी नाही," कप्तानबाई म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

"फाटा आहे तेवढा. नदी तीन पुरुष खोल आहे. पुलाखाली जास्त. मी खोटं बोलले. आणि ही जॅकेटं उकळल्यामुळे आतून मेलीत, ती तरंगवणार नाहीत. मी आत्ता मागे जाऊन बघितलं. तरी मी तुम्हाला नेणार होते."

तिने ते सपाट आवाजात सांगितलं. मामांनी आपल्या हातांकडे बघितलं. "मी उकळली," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत, मामा. मीच सांगितलं होतं ना, पाणी कंबरेएवढं आहे म्हणून."

वकील हळूच म्हणाला, "तीन पुरुष म्हणजे माझ्यावर अजून दोघे?" आणि खाली पायरीवर बसला. त्यावर वाद नव्हता.

"का?" मामांनी विचारलं.

तिने वर खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत आई बसली होती, कान पाण्याकडे लावून. तिघांनाही खोलीचं माहीत होतं, अख्ख्या धुलाईघराला माहीत होतं. आणखी काही सांगावं लागलं नाही.

पंच शिटी वाजवत आला. "धुलाईघर, पाण्यात उतरा. बाकीचे सगळे उतरले." त्याने जॅकेटांकडे बघितलं. "वा, काय चकाचक."

कप्तानबाई म्हणाली, "आम्ही येत नाही."

"येत नाही म्हणजे? लिहू तसं?"

"लिहा."

तो थोडा थांबला, कुणी तिला अडवतंय का बघितलं आणि पुढे गेला. मग भोंगा झाला. सात नावा सुटल्या, काठावर आरडाओरडा झाला, आणि लाटा धक्क्याला येऊन आपटल्या. त्या लाटांनी रिकामी नाव दोरीला बांधल्या-बांधल्या अशी हेलकावली की उलटी होऊन पडली. चौघांनीही ते बघितलं.

शिवणबाईने कडी काढली. जॅकेट अंगातून सोडवून, सवयीने घडी घालून पायरीवर ठेवलं. कप्तानबाईला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तीन महिने होते, कप्तानबाई," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतंत, तर मी घाबरले असते, पळून गेले असते चार दिवस. मग परत आले असते. तुमच्या आईसाठी आले असते. आणि तीन महिन्यांत मी पोहायला शिकले असते."

तिने मुलींना हाक मारली आणि गेली. वकील तिच्या मागून गेला. मामा उलटी नाव सरळ करून, पाणी उपसून, शेडमध्ये ठेवून गेले.

कप्तानबाई जिना चढून वर आली. आईने चहा टाकला होता, दोन कप मांडले होते.

"सात नावा गेल्या," आई म्हणाली. "मी मोजल्या. आपली नव्हती."

"नव्हती."

"मग आता?"

"महिनाअखेर किल्ली द्यायची."

आईने स्टोव्ह बंद केला, चहा गाळला. एक थेंब बाहेर सांडला नाही. कप तिच्यापुढे सरकवून ती आपल्या खुर्चीवर बसली.

"आणि मला तुझ्या भावाकडे."

"हो." मग कप्तानबाईच्या तोंडी आपोआप आलं, "तिथे तुला काही त्रास..." आणि ती थांबली.

"सांग ना," आई म्हणाली. "तिथलं सगळं सांग. मागच्या वेळी तू म्हणालीस, सोपं घर आहे. मी सोपं समजून चालले आणि पडले. आता खरं सांग."

कप्तानबाईने कप खाली ठेवला.

"पलंग स्वयंपाकघरात टाकणार आहेत, दाराआड. संडास बाहेर आहे, अंगण ओलांडून. मध्ये तीन पायऱ्या, एक फुटकी. मी तिथे नसेन, आठवड्यातून एकदा येईन. आणि वहिनीला तू नको आहेस, आई. ती तुला उठू देणार नाही."

बाहेर काठावर कुणाचा तरी पहिला नंबर आल्याच्या टाळ्या वाजल्या.

"फुटकी कितवी?" आईने विचारलं. "वरून धरून."